पिवळी पिन

सकाळी ७.१०

पहिला फोन चहाच्या आधी येतो. "दादा, डिजिटल घेऊ का साधी?" एवढंच. नाव नाही, गाव नाही, कशाला काय जोडायचंय तेही नाही. पुण्यात घरोघरी होम थिएटर बसवायचा धंदा करून वीसेक वर्षं झाली, पण या प्रश्नाला एका वाक्यातलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सुताराला फोन करून 'खिळा मारू का स्क्रू?' असं विचारावं, तसला हा प्रकार. मी म्हणतो, "दोन्ही डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवा." लोक टीव्हीचा पुढून फोटो पाठवतात. टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि काचेत फोटो काढणाऱ्याचं बनियन दिसतं.

मागच्या बाजूचा फोटो आला की निम्मं काम होतं. सिनेमा असो, गाणं असो, मॅच असो, हल्ली सगळं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला वरखाली होणारा विजेचा प्रवाह लागतो. म्हणजे वाटेत कुठेतरी आकड्यांचा आवाज करावाच लागतो. प्लेअरने तो आतच केला, तर पुढे जाणारी वायर ॲनालॉग. प्लेअरने आकडे तसेच पुढे ढकलले आणि ॲम्प्लिफायरने त्यांचा आवाज केला, तर मधली वायर डिजिटल. तेव्हा हे काम कोणत्या डब्यावर सोपवायचं ते आधी ठरवा, वायर आपोआप ठरते. हे मी फोनवर सांगतो. समोरचा "बरं बरं" म्हणतो आणि पुन्हा विचारतो, "मग डिजिटलच घेऊ ना?"

सकाळी ८.३०

पिशवी भरायची. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, ब्लेड, दोन ऑप्टिकल वायरी, एक दोन मीटरची एचडीएमआय, टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा छोटा आरसा. टीव्ही भिंतीला चिकटवून टाकलेल्या घरांत या आरशावाचून माझं पान हलत नाही. मागचे सॉकेट त्यात उलटे दिसतात आणि अक्षरंही उलटी वाचावी लागतात. माझ्याबरोबर काम करणारा पोरगा 'ऑप्टिकल इन' उलटं वाचण्यात आता माझ्यापेक्षा तरबेज झालाय.

डब्यात सुट्या पिना असतात: लाल, पांढऱ्या, पिवळ्या, नारिंगी. लाल-पांढरी जोडी ॲनालॉग आवाजाची, पिवळी जुन्या चित्राची, नारिंगी डिजिटल कोॲक्सियलची. चौघींचा साचा एकच. आरसीए ही अमेरिकी कंपनी रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच कपाटात बसवून विकायची, त्या काळातली ही पिन आहे. पुढे जो तो नवीन सिग्नल आला तो याच तोंडात घुसला. त्यामुळे कुठलीही पिन कुठेही बसते आणि माझं घर चालतं.

सकाळी ९.४५, बालेवाडी

चौदावा मजला. गिलावा झालाय, पीओपी व्हायचंय. एका खोलीचं थिएटर करायचंय. वायरी टाकायची वेळ हीच, पण मला बोलावतात बहुतेकदा रंग झाल्यावर. इथल्या आर्किटेक्ट ताई शहाण्या निघाल्या. त्यांचा आग्रह मात्र एकच: "सगळं ऑप्टिकल टाकून टाका. एकदाच खर्च."

मी म्हटलं, "ताई, ऑप्टिकल रिसीव्हरपर्यंत. तिथून पुढे सातही स्पीकरना तांब्याचीच वायर."

"एवढं सगळं करून शेवटी साधी वायर?"

"शेवटी कागदाचा पडदा हलवायचाय. तो उजेडाने हलत नाही."

मग भिंतीवरच पेन्सिलीने हिशेब मांडला. रिसीव्हरपासून मागच्या स्पीकरपर्यंत कोपऱ्याकोपऱ्याने अकरा मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणून बावीस. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला सात मिलिओहमच्या थोडा वर, म्हणजे सगळे मिळून ०.१६ ओहम. आमचा अंगठ्याचा नियम असा, की वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ पर्यंत चालतं, चार ओहमच्याला ०.२. दोन्हींत बसलो. दीड चौरस मिलिमीटरची घेतली असती तर ०.२७ आले असते. आठ ओहमला ती पुरते, पण मालकांनी उद्या चार ओहमचे स्पीकर आणले तर भिंत फोडायची का? भिंतीत जाणारी वायर एक घर जाड घ्यावी. उघड्यावरची पुढे बदलता येते.

इलेक्ट्रिशियन इंची पाइप टाकून मोकळा झाला होता. मी खिशातली एचडीएमआयची पिन काढून पाइपाच्या तोंडाशी धरली. प्लॅस्टिकच्या टोपणासकट ती सरळ पाइपात जेमतेम जाते. पहिल्या वळणाला अडकते आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. "दीड इंची टाका आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा," म्हटलं. उद्या कुठली नवी वायर येईल ते कुणी सांगावं? दोरी असली की ती दहा मिनिटांत ओढता येते. दुसरा वाद नेहमीचाच. "लाइटची वायर आणि स्पीकरची वायर एकाच पाइपातून गेली तर काय होतंय?" सबवूफरची लांब वायर मेन्सला खेटून गेली तर शांत प्रसंगात घूं ऐकू येतं. एक फुटाचं अंतर ठेवायचं, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडायचं. तो मान हलवतो. उद्या येऊन बघावं लागणार.

प्रोजेक्टरची वायर बारा मीटर लांब जाते. एवढ्या लांबीवर तांब्याची एचडीएमआय ४केचं चित्र नेताना दम टाकते. पाच मीटरपर्यंत चांगली वायर निभावते, पुढे नशीब. त्यासाठी आत प्रकाशतंतू असलेली एचडीएमआय मिळते. तिला दिशा असते. एक टोक यंत्राकडचं, दुसरं पडद्याकडचं, आणि तसं पिनांवर छापलेलं असतं. हे मला नीट ठाऊक आहे, कारण एका बंगल्यात मी ती उलटी टाकली होती. पीओपी झालं, रंग झाला, घरातले सगळे समोर बसले, आणि पडदा काळा. यंत्राकडचं टोक प्रोजेक्टरपाशी निघालं. तिथे दोरी सोडलेली नव्हती. दोन दिवस गेले, छताची दुरुस्ती माझ्या खिशातून झाली. तेव्हापासून असली वायर भिंतीत घालण्याआधी फरशीवर पसरून तिच्यातून चित्र बघतो, आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो.

दुपारी १२.३०, तापकीर गल्ली

गाडी लावायला जागा नाही, म्हणून पोऱ्याला गाडीवर बसवून मी एकटा आत शिरतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची ही पंढरी. आधी रेडिओचे सुटे भाग, मग कॅसेट डेकची पट्टे-चाकं, मग पाच-पॉइंट-एकचे असेंबल ॲम्प्लिफायर, आता एलईडी पट्ट्या. गल्ली तीच, काचेतला माल बदलत गेला.

बालेवाडीसाठी अडीचची स्पीकर वायर हवीय, नव्वद मीटरचं बंडल. नेहमीच्या दुकानात माल संपलेला. शेजारच्याने एक बंडल पुढे केलं. "प्युअर कॉपर, साहेब. बघा ना रंग." रंग छानच होता. हातात घेतलं आणि शंका आली. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, आणि हे बंडल उचलताना हाताला काही जाणवलंच नाही.

अशा वेळी काय करायचं ते सांगतो, घरी वायर आणणाऱ्यांच्याही कामाचं आहे. पहिलं काम ब्लेडचं. एक तार वेगळी करून ब्लेडने खरवडायची. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तार फार बारीक असली तर डोळ्याला नीट कळत नाही, मग मल्टिमीटर. बंडलच्या एका टोकाला दोन्ही वायरी सोलून एकमेकींना पिळायच्या, दुसऱ्या टोकाला मीटर लावायचा. नव्वद मीटर जाऊन-येऊन एकशे ऐंशी मीटर होतात. अडीचचं खरं तांबं असेल तर १.३ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. मीटरच्या स्वतःच्या वायरी दोन-तीन दशांश खातात, त्या आधी एकमेकींना टेकवून मोजायच्या आणि वजा करायच्या. काउंटरवर आकडा आला २.१.

दुकानदार म्हणाला, "तुमचा मीटर जुना झालाय."

वाद घातला नाही. मुलाम्याची वायर विष नव्हे, स्पीकर तिच्यावरही वाजतो. फक्त ती दोन घरं जाड घ्यावी लागते, आणि भिंतीत गेल्यावर ती दमट जागी टोकांशी गंजत राहते. माझा राग किमतीवर आहे. तांब्याच्या भावात ॲल्युमिनियम घेणं मला पटत नाही. चौथ्या दुकानात १.३५ आला, तिथे पैसे दिले.

दुपारी २.००

डबा गाडीतच. पोळी-भाजी संपते न संपते तोच एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. ॲम्प्लिफायर लावला की घूंऽऽ असा आवाज, गाणं चालू असो वा नसो. मी विचारलं, "सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची वायर काढा बरं. फक्त ती. मागची, फिरवायची." थोडी खटपट ऐकू आली आणि मग ओरडा, "बंद झाला!"

म्हणजे अर्थिंगचा वळसा. डिशची वायर गच्चीवरून अर्थ घेऊन येते, ॲम्प्लिफायर भिंतीतल्या तीन पिनी प्लगमधून. दोघांच्या अर्थमध्ये थोडा फरक असतो. लाल-पांढऱ्या वायरीच्या बाहेरच्या जाळीतून तो फरक आवाजात शिरतो आणि आपल्याकडच्या विजेचे पन्नास हर्ट्झ स्पीकरमधून गुणगुणू लागतात. त्यांनी स्वतःहून उपाय शोधला होता, ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकायची. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "अजिबात नाही. घूं थांबेल, पण उद्या आत काही सुटलं तर शॉक तुम्हाला बसेल." त्यांचा ॲम्प्लिफायर जुना आहे, एचडीएमआय नाही, पण ऑप्टिकलचं चौकोनी तोंड आहे. बॉक्सची एचडीएमआय टीव्हीला, आणि टीव्हीपासून ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल. मधे धातू उरतच नाही, तर घूं जाणार कुठून? ऑप्टिकलचा मला सगळ्यात आवडणारा गुण हाच. आवाज गोड होतो म्हणून कुणी ती घेऊ नये. ती दोन डब्यांचा विजेचा संबंध तोडते, म्हणून घ्यावी.

दुपारी ४.१०, सदाशिव पेठ

काकांनी बजावलं होतं, "चारनंतर या." चार वाजून दहा मिनिटांनी बेल वाजवली. वाड्याच्या जागी उभी राहिलेली इमारत, दुसरा मजला. बँकेतून निवृत्त झालेले काका, भिंतभर तबकड्या, आणि मुलाने फार पूर्वी परदेशातून आणलेला एसएसीडी प्लेअर. तक्रारी दोन. तबकडी लावली की गुणगुण. आणि, "हा प्लेअर मला डिजिटल करून द्या. सहा वायरी लोंबतायत, हिला आवडत नाही." आतून काकूंनी दुजोरा दिला.

आधी तबकडी. सीडी प्लेअरमधून निघणारा सिग्नल साधारण दोन व्होल्टचा. तबकडीच्या सुईकडून येतो तो पाच मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे चारशेपट बारीक. तो त्याच पटीत वाढवायचा, म्हणजे वाटेतली प्रत्येक गुणगुणही त्याच पटीत वाढते. त्यासाठी टर्नटेबलमधून लाल-पांढऱ्या वायरीबरोबर तिसरी एक बारीक वायर निघते. तिच्या टोकाला इंग्रजी यू अक्षरासारखी पत्र्याची चपटी पट्टी. ती ॲम्प्लिफायरमागच्या एका बोथट स्क्रूखाली दाबायची. काकांकडे ती नव्या टेबलक्लॉथखाली दुमडून गेली होती. आरशात बघत स्क्रू शोधला, पट्टी सरकवली, आवळली. गुणगुण थांबली. एवढंच काम, पण काका माझ्याकडे जरा संशयाने बघत होते, की एवढ्यासाठी हा पैसे घेणार.

मग त्यांनी हौसेने मागवलेली तीन मीटरची जाडजूड वायर दाखवली, टर्नटेबलसाठी. ती मी परत करायला लावली. डिजिटल वायरीबद्दल दुकानात जे काही सांगतात ते मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो, पण सुईच्या वायरीचं तसं नाही. तिथे वायरच्या जाळीत साठणारी विद्युतधारिता थेट सुईच्या गुंडाळीला जाऊन भिडते. मीटरमागे शंभर-दीडशे पिकोफॅरड धरा. वायर लांबली की वरचे सूर आधी कर्कश होतात, मग बुजतात. एक मीटर, फार तर सव्वा. टर्नटेबल ॲम्प्लिफायरशेजारी हलवलं, जुनीच वायर पुरली.

आता सहा वायरी. काकांना वाटत होतं, त्या जुनाट आहेत, मागासलेल्या. मी म्हटलं, "काका, हा प्लेअर जोडायचा तर हीच वाट आहे." एसएसीडी ही सोनी आणि फिलिप्सची १९९९ची चकती. साध्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज असतो, प्रत्येक मोजमाप सोळा बिटांचं. एसएसीडीवर सेकंदाला अठ्ठावीस लाखांहून जास्त वेळा, पण एकेकच बिट. ही निराळी भाषा ऑप्टिकल किंवा नारिंगी पिनेतून जातच नाही. आणि गाण्यांच्या कंपन्यांना धास्ती होती, की आकडे असे उघडे बाहेर सोडले तर लोक हुबेहूब नकला काढतील. म्हणून त्या काळच्या बहुतेक प्लेअरना आतच आवाज करून सहा वायरींतून बाहेर काढायला लावलं. एचडीएमआयमधून ही भाषा न्यायची सोय २००५मध्ये आली. काकांचा प्लेअर त्याच्या आधीचा.

"म्हणजे माझं बरोबर होतं," काका काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

एक गोष्ट मात्र बरोबर नव्हती. या वाटेने आवाज गेला की काकांच्या रिसीव्हरचं जड सुरांचं वाटप बाजूला पडतं, त्यामुळे मागचे छोटे स्पीकर तंबोऱ्याच्या खालच्या षड्जाला थरथरत होते. प्लेअरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन मागचे स्पीकर 'स्मॉल' केले, खालचे सूर सबवूफरकडे वळवले. काकांनी वहीत तारीख घालून लिहून घेतलं.

जाता जाता शेवटचा प्रश्न. सहाही वायरी एकाच लांबीच्या हव्यात ना? तसं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एक मीटर जास्त वायर म्हणजे सिग्नलला पाचेक नॅनोसेकंदांचा उशीर. काकांनी खुर्ची वीतभरापेक्षाही कमी, दहा सेंटिमीटर मागे घेतली तर कानाशी यायला आवाजाला याच्या साठेक हजार पट उशीर होतो. तेव्हा वायरी मोजू नका, खुर्ची हलवून बघा. काका लगेच खुर्ची हलवायला लागले. मी चहा घेतला आणि निघालो.

संध्याकाळी ६.४०, सिंहगड रोड

वाहतुकीबद्दल काही लिहीत नाही.

नवरा-बायको दोघंही आयटीत. नवा टीव्ही, नवा रिसीव्हर, सहा स्पीकर त्यांनी सुट्टीत स्वतःच जोडलेले. तक्रार: "सहा आहेत, बोलतात दोनच." वायर ऑप्टिकल, आणि तिच्या दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा. मला हसू आवरेना. सोन्याला गंज चढत नाही, त्यामुळे दोन धातू टेकतात तिथे त्याचा उपयोग होतो. ऑप्टिकलमध्ये धातू टेकतो कुठे? टॉसलिंक म्हणजे तोशिबाने १९८३मध्ये आपल्या सीडी प्लेअरसाठी काढलेली जोडणी. एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू, त्यातून लाल उजेड लुकलुकत जातो. टोक काढून तळहातावर धरलं की लाल ठिपका दिसतो. ठिपका दिसला म्हणजे वायर ठीक. हिचे शत्रू दोनच. एक, कपाटामागे काटकोनात चेपणं. दुसरा, नव्या वायरीच्या टोकावरची पारदर्शक टोपी. ती न काढताच पिन दाबून बसवणारे मी दरवर्षी चार-पाच बघतो.

इथे ठिपका होता. चूक टीव्हीच्या मेनूत होती. डिजिटल आवाज 'पीसीएम'वर ठेवलेला. पीसीएम म्हणजे उलगडलेले, न दाबलेले आकडे. ऑप्टिकलच्या वाटेवरून तसे दोनच चॅनल जातात, सहा मावत नाहीत. सहा पाठवायचे तर दाबून पाठवायचे, डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस करून. सेटिंग 'बिटस्ट्रीम' केलं, रिसीव्हरवर नाव उमटलं आणि मागून पाऊस पडायला लागला. पोरगा दर वेळी पावसाचाच प्रसंग लावतो.

पण साहेबांना ॲटमॉस हवा होता, त्याचेच पैसे भरले होते. तो ऑप्टिकलमधून येणार नाही, सोन्याची असो की हिऱ्याची. ऑनलाइन सिनेमांतला ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधून येतो, आणि ती गाठोडी या वाटेला मोठी. त्याला एचडीएमआयची उलटी वाट लागते: २००९पासूनचा एआरसी, किंवा २०१७मध्ये आलेला त्याचा मोठा भाऊ ईएआरसी. ब्लू-रेवरचा न छाटलेला आवाज हवा असेल तर ईएआरसीच. टीव्हीला एचडीएमआयची चार तोंडं होती आणि एआरसी त्यांतल्या एकाच्याच शेजारी छापलेलं होतं. माझ्या पिशवीतली दोन मीटरची वायर त्यात घातली, टीव्हीतलं सीईसी, म्हणजे एकाच रिमोटवर दोन्ही डबे चालवायची सोय, चालू केलं. ते दर कंपनीत वेगळ्या नावाने लपलेलं असतं. निळा दिवा लागला. ताईंना ॲटमॉसचं फारसं काही वाटलं नाही. आवाज आता टीव्हीच्याच रिमोटवर कमी-जास्त होतो आणि दुसरा रिमोट कपाटात गेला, याचा आनंद त्यांना जास्त झाला.

साहेबांनी विचारलं, "आता याहून भारी एचडीएमआय घेतली तर आवाज अजून सुधारेल?" नाही. डिजिटल वायर बिघडली तर आवाज तुटतो, टकटक होते, चित्रावर ठिणग्या उडतात, नाहीतर सगळं बंद पडतं. आवाजातला गोडवा तेवढा कमी झाला, असं होत नाही. पिशवीवर प्रमाणपत्राचं लेबल बघा, ते मोबाइलने तपासता येतं. उरलेल्या पैशांचा मागच्या उघड्या भिंतीला जाड पडदा लावा. पडद्याचं ऐकून साहेब जरा हिरमुसले. पडद्याला सोन्याची पिन नसते.

रात्री ८.५०, कोथरूड

वारज्याला घरी निघालो होतो. रस्त्यातच फोन. घरात सत्तरीचा कार्यक्रम, पाहुणे जमलेले, आजोबांच्या आवडीच्या गाण्यांची सीडी लावायची, आणि सफाईत कुणीतरी कपाट भिंतीला सारलं. ऑप्टिकलची पिन सॉकेटातच मोडली. टोक आत, वायर हातात. माझ्या दोन्ही ऑप्टिकल वायरी गाडीत होत्या, पण मोडकं टोक अडकलेल्या सॉकेटात त्या घालणार कशा? चिमट्याने ते निघेना. दुकानं मिटलेली.

प्लेअर जुना, चांगला. मागे मोडक्या ऑप्टिकलशेजारी नारिंगी सॉकेट होतं, रिसीव्हरलाही नारिंगी. माझ्या पिशवीत कोॲक्सियल वायर नव्हती. मी विचारलं, "जुन्या डीव्हीडीबरोबर आलेली तीन रंगांची वायर आहे का कुठे?" तशी वायर प्रत्येक घरात असते. माळ्यावर, चार्जरांच्या पिशवीत, कुणी फेकत नाही. आजोबांच्या नातवाने ती दोन मिनिटांत आणली, लाल-पांढरी-पिवळी, तिन्ही एकमेकींना चिकटलेल्या.

पिवळी फाडून वेगळी केली. एक टोक प्लेअरच्या नारिंगीत, दुसरं रिसीव्हरच्या नारिंगीत. गाणं लागलं.

नातू म्हणाला, "पण ती तर व्हिडिओची आहे!" होय. चित्राचा सिग्नल आणि डिजिटल आवाजाचा सिग्नल, दोघांनाही पंच्याहत्तर ओहमची वायर लागते. तेवढं जुळलं की वायरीला आत चित्र आहे का गाणं, याच्याशी देणंघेणं नसतं. "मग लाल लावली असती तर?" पोरगं हुशार आहे. दीड मीटरवर बहुतेक तीही चालली असती. लांबी वाढली की ती कुरकुरली असती. पिवळी नियमात बसते, लाल नशिबावर.

रिसीव्हरच्या मेनूत त्या इनपुटला कोॲक्सियल नेमून दिलं. घरातल्या काकूंनी हातात पुरणपोळीची ताटली दिली. निघताना पिवळ्या पिनेवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि मार्करने लिहिलं: 'काढू नये. जागा बरोबर आहे.' याचा उपयोग होत नाही. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी नीटनेटका माणूस पिवळी पिन नारिंगीतून काढून पिवळ्यात घालणार, गाणं बंद पडणार, आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला फोन येणार.